‘जेवलात का?’ आणि ‘जेवलास का?’ : पूर्वेकडच्या मालिकांविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात कोरियन, जपानी, चिनी आणि थाई मालिका-चित्रपटांविषयी प्रश्न पाठवावेत असे आवाहन केले होते. पत्रे अपेक्षेपेक्षा बरीच अधिक आली आणि त्यांतल्या निम्म्या पत्रांत ‘आता पुढची कोणती पाहू?’ एवढाच प्रश्न होता. अशा वाचकांची क्षमा मागतो. यादी कोणाच्याही भाचीकडे तयार असते, त्यासाठी या सदराची गरज नाही. उरलेल्या पत्रांतून निवडक प्रश्न घेतले आहेत. दोन उत्तरांत चित्रपटांतील महत्त्वाचे प्रसंग उघड होतात. तेथे आधी तशी सूचना दिली आहे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका असून दुपारच्या वेळी सुनेने लावून दिलेल्या कोरियन प्रेममालिका पाहते. सोळा भागांपैकी सात-आठ भाग उलटेपर्यंत नायक-नायिका एकमेकांचा हातही धरत नाहीत, याची मला तक्रार नाही. उलट ते बरे वाटते. मात्र मध्येच एखाद्या अगदी साध्या वाक्यावर नायिका थबकते, मागे संगीत सुरू होते, आणि खाली इंग्रजी सबटायटलमध्ये ‘तू जेवलास का’ एवढेच लिहिलेले असते. त्यात थबकण्यासारखे काय आहे? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर : आपल्याला जे खटकले ते अगदी योग्य ठिकाणी खटकले आहे. थबकण्यासारखे आहे ते त्या वाक्याच्या शेवटच्या अक्षरात, आणि नेमके तेच अक्षर इंग्रजी सबटायटलमधून गळून पडते.

कोरियन भाषेत समोरच्या माणसाशी आदराने बोलायचे की सलगीने, हे क्रियापदाच्या शेपटावर ठरते. ‘बाप मोगॉस्सॉयो?’ म्हणजे ‘जेवलात का?’ आणि त्यातला शेवटचा ‘यो’ गाळला, म्हणजे नुसते ‘बाप मोगॉस्सॉ?’ म्हटले, की ‘जेवलास का?’ (‘बाप’ म्हणजे भात, आणि त्यावरून एकूण जेवण, मराठी कानाला तो शब्द पहिले चार दिवस फार विचित्र वाटतो, हे मान्य.) इंग्रजीत दोन्ही वाक्ये एकच होतात, कारण त्या भाषेला समोरच्यासाठी एकच सर्वनाम पुरते. मराठीत मात्र ‘त’च्या जागी ‘स’ आला की नाते बदलते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. सात भाग नायिकेशी ‘यो’ लावून बोलणारा नायक आठव्या भागात, दमून घरी आलेल्या तिला, ‘यो’ न लावता जेवणाचे विचारतो, तेव्हा त्याने आपल्या मनातले सांगून टाकलेले असते. तिला ते कळते आणि कोरियातल्या प्रेक्षकाला कळते. सबटायटल वाचणारा तेवढा कोरडा राहतो.

यात माझे स्वतःचे ज्ञान फारसे नाही. मी वर्षभर मन लावून सबटायटल वाचत होतो आणि मला हे समजले नव्हते. आमच्या घरी ऐंशी वर्षांची माझी आई मांडीवर परात घेऊन पावटे सोलत समोर बसलेली असते. तिला इंग्रजी वाचता येत नाही, त्यामुळे ती खालच्या ओळीकडे पाहातच नाही. चेहरे पाहते आणि आवाज ऐकते. एका संध्याकाळी तिचे हात मध्येच थांबले आणि ती म्हणाली, ‘आज त्याने ‘यो’ नाही म्हटले रे तिला.’ मी मागे नेऊन पुन्हा लावले. खरोखरच म्हटले नव्हते. त्यानंतर आमच्या घरी सबटायटल मी वाचायचे आणि अर्थ आईने सांगायचा, अशी कामाची वाटणी झाली आहे.

हे एकदा कानावर आले की त्या मालिकांतल्या इतर अनेक गोष्टी सुटत जातात. पहिल्याच भेटीत ती माणसे एकमेकांचे वय किंवा जन्मसाल विचारतात, ते आगाऊपणाने नव्हे. वय कळल्याशिवाय वाक्य कसे संपवायचे तेच ठरत नाही. वयाने मोठे असलेले पात्र लहानाशी अदबीने बोलत राहिले, तर लहानच म्हणतो की आता माझ्याशी ‘बोलणे खाली ठेवा’. हा त्यांचा खराखुरा वाक्प्रचार आहे, आणि हातातले ओझे खाली ठेवावे तशी अदब खाली ठेवायची ही कल्पना मला फार आवडते. कचेरीत जुळलेल्या प्रेमात नायिका नायकाला बंद दाराआडही हुद्द्यानेच हाक मारते, जसे आपल्याकडे एखादीने नवऱ्याला ‘साहेब’च म्हणत राहावे, मग ती ज्या भागात त्याचे नाव घेते तो भाग वाया घालवू नये. आणि लग्नानंतर नवऱ्याला नावाने न पुकारता ‘अमक्याचे बाबा’ म्हणण्याची पद्धत कोरियातही आहे, हे ऐकून ज्यांना उखाण्याशिवाय नाव घ्यायचे नसे अशा आपल्या आज्या नक्कीच हसल्या असत्या. घरात वडिलांना मारलेली ‘आप्पा’ ही हाक तर पुण्यात कोणाला परकी वाटणार? आमच्या आईला पहिल्यांदा ती ऐकल्यावर आप्पा बळवंत चौकच आठवला होता.

भाषांतर करणाऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्याजवळ दोन ओळींची जागा असते आणि दोन-तीन सेकंदांचा वेळ. 2020 साली ऑस्करचे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे पारितोषिक मिळवणारा इंग्रजीखेरीज अन्य भाषेतला पहिला चित्रपट ठरलेल्या ‘पॅरासाइट’चे इंग्रजी सबटायटल फार नावाजले गेले, त्यातही सोलच्या राष्ट्रीय विद्यापीठाच्या जागी ऑक्सफर्ड घालावे लागले, आणि दोन प्रकारच्या इन्स्टंट शेवया एकत्र करून केलेल्या ‘छापागुरी’साठी ‘रामडॉन’ असा नवाच शब्द घडवावा लागला. हिंदी डबिंगची सोय असेल तर तेथे ‘आप’, ‘तुम’, ‘तू’ यांचा उपयोग करता येतो आणि काही वेळा तो चांगला केलेलाही असतो. परंतु मग मूळ नटाचा आवाज जातो, आणि प्रेमकथेत आवाज गेला की माझ्या मते अर्धी प्रेमकथा गेली. तेव्हा आपण सबटायटलवरच पाहावे, मात्र नजर खालच्या ओळीवर असली तरी कान वाक्याच्या शेवटच्या अक्षरावर ठेवावा.

प्रश्न : प्रत्येक कोरियन मालिकेत कोणी ना कोणी एकाच दुकानातले सँडविच खाताना का दिसते? आणि चाकू दाखवताना तो पुसट का करतात? (एक वाचक, औंध)

उत्तर : सँडविच ही जाहिरात आहे. 2010 पासून कोरियन दूरचित्रवाणीवर कथेच्या आत वस्तू दाखवून जाहिरात करण्यास कायद्याने परवानगी मिळाली. शिवाय मोफत दिसणाऱ्या वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मधोमध जाहिराती दाखवण्यास 2021 पर्यंत बंदी होती. त्यामुळे काही वाहिन्या एकाच भागाचे दोन तुकडे करून त्यांना दोन भाग म्हणत आणि मधल्या फटीत जाहिराती घालत. पुणेकरांनी या युक्तीला नावे ठेवू नयेत.

धूसर चाकू हा तेथील दूरचित्रवाणीच्या नियमांचा परिणाम आहे. सिगारेटही तशीच धूसर होते. ओटीटीसाठीच केलेल्या मालिकांत हा प्रकार आढळणार नाही. आपल्याकडे पडद्याच्या कोपऱ्यात तंबाखूविषयी सूचना येते. त्यांच्याकडे ती वस्तूच पुसतात.

प्रश्न : सुट्टीत मित्रांबरोबर ‘मेमरीज ऑफ मर्डर’ हा कोरियन चित्रपट पाहिला. दोन तासांहून अधिक वेळ बसल्यावर खुनी कोण ते सांगितलेच नाही. ही प्रेक्षकाची फसवणूक नाही का? मित्र म्हणतात की मला सिनेमा कळत नाही. (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : (ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही त्यांनी हे उत्तर सोडून द्यावे.) आपल्याला सिनेमा कळतो, आपल्याला राग आला, आणि तो यावा अशीच दिग्दर्शकाची इच्छा होती. बोंग जून-हो यांनी 2003 साली हा चित्रपट केला तेव्हा खुनी कोण हे त्यांनाही ठाऊक नव्हते आणि कोरियातल्या पोलिसांनाही नव्हते. सोलच्या दक्षिणेला ग्याँगी प्रांतात ह्वासाँग नावाचा भाग आहे. तेथे 1986 ते 1991 या काळात स्त्रियांचे एकामागून एक खून झाले आणि गुन्हेगार सापडला नाही. चित्रपट त्या घटनांवर बेतलेला आहे. रहस्यकथेत शेवटच्या प्रकरणात खुनी पुढे येतो, कारण लेखकाच्या खिशात तो पहिल्यापासून असतो. येथे खिसाच रिकामा होता, आणि तो उलटा करून दाखवण्याचा प्रामाणिकपणा दिग्दर्शकाने केला.

आपण खुन्याकडे लक्ष ठेवून चित्रपट पाहिलात. पुन्हा पाहाल तेव्हा पोलिसांकडे लक्ष ठेवावे. भातशेतातली पावलांची खूण ट्रॅक्टर चिरडून जातो. मतिमंद मुलाला मारहाण करून त्याच्याकडून कबुली वदवून घेतली जाते. पावसाच्या रात्री खून होणार असे दिसत असूनही पहाऱ्यासाठी शिपाई मिळत नाहीत, कारण ते सरकारविरोधी निदर्शने मोडून काढण्यात गुंतलेले असतात; कोरियातल्या लष्करी राजवटीची ती शेवटची वर्षे होती. जनुकीय तपासणीची सोय देशात नसल्याने नमुना अमेरिकेला पाठवावा लागतो, आणि अहवालाची वाट पाहता पाहता माणसे वेडीपिशी होतात. खुनी का सापडला नाही याचे उत्तर चित्रपटाने दिलेले आहे. फक्त ते एका माणसाच्या नावाच्या रूपात नाही.

शेवटचे दृश्य आठवून पाहावे. अनेक वर्षांनी, नोकरी सोडून विक्रेता झालेला तो गुप्तहेर शेताकडेच्या त्याच गटारापाशी थांबतो आणि वाकून आत पाहतो. एक लहान मुलगी त्याला सांगते की काही दिवसांपूर्वी आणखी एक माणूस असाच येऊन पाहात होता. चेहरा कसा होता? साधा, चारचौघांसारखा. मग त्याची भूमिका करणारा सॉन्ग कांग-हो हा नट थेट कॅमेऱ्यात, म्हणजे आपल्या डोळ्यांत पाहतो. खुनी कोठेतरी जिवंत असेल आणि हा चित्रपट पाहायला येईल, तेव्हा त्याच्याशी नजरानजर व्हावी, या हेतूने ते दृश्य तसे घेतले होते, असे दिग्दर्शकाने सांगितले आहे.

आता पुढचे ऐकावे. 2019 च्या सप्टेंबरात, जपून ठेवलेल्या पुराव्यांची नव्याने जनुकीय तपासणी झाल्यावर खुनी सापडला. 1994 मधल्या एका खुनासाठी तो आधीच जन्मठेप भोगत होता. ह्वासाँगच्या खुनांबद्दल मात्र त्याच्यावर खटला चालवता आला नाही, कारण त्या काळच्या कायद्यातली पंधरा वर्षांची मुदत 2006 मध्येच संपली होती. खुनासाठीची ही मुदत कोरियाने 2015 साली काढून टाकली, परंतु मुदत आधीच संपलेल्या प्रकरणांना त्याचा उपयोग नव्हता. त्यांतल्या एका खुनासाठी भलत्याच माणसाने सुमारे वीस वर्षे तुरुंगात काढली होती. त्याची निर्दोष मुक्तता 2020 च्या डिसेंबरात झाली. आणि खऱ्या खुन्याने न्यायालयात साक्ष देताना सांगितले की त्याने तो चित्रपट तुरुंगात पाहिला होता, आणि पाहून त्याला काहीही वाटले नव्हते.

मित्रांना हे सांगून पाहावे. आपण म्हणता ती फसवणूक झाली हे खरे, परंतु ती चित्रपटगृहाबाहेर झाली होती.

प्रश्न : सदाशिव पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. अभ्यासिकेतून आल्यावर मेसच्या डब्याबरोबर पाहता येईल असे थरारक काही सुचवावे. रक्त नको, जेवण जात नाही. (एक वाचक, सदाशिव पेठ)

उत्तर : यादी देणार नाही असे वर म्हटले, परंतु आपली अडचण खरी दिसते. आपल्यासाठी 2017 चा ‘बॅड जीनियस’ हा थाई चित्रपट आहे. त्यात एकही खून नाही, पिस्तूल नाही, पाठलाग म्हणावा तर थोडासा. सगळा थरार वस्तुनिष्ठ प्रश्नांच्या परीक्षेचा आहे. हुशार पण बेताच्या परिस्थितीतली मुलगी वर्गातल्या श्रीमंत मुलांना पैसे घेऊन उत्तरे पुरवते. सुरुवात बुटात लपवलेल्या खोडरबरापासून होते. मग ती पियानोच्या सुरावटी ठरवते आणि परीक्षेच्या बाकावर बोटे वाजवून चारपैकी कोणता पर्याय ते कळवते. शेवटी एकाच दिवशी जगभर होणाऱ्या परीक्षेची उत्तरे, सिडनीचे घड्याळ बँकॉकच्या पुढे असते याचा फायदा घेऊन, पाठ करून पाठवण्यापर्यंत मजल जाते. उत्तरपत्रिकेतले गोल काळे करणाऱ्या पेन्सिलीचा आवाज इतका भयंकर असू शकतो हे आपल्याइतके कोणाला पटणार? फक्त परीक्षेच्या आदल्या आठवड्यात पाहू नये.

तो संपला, आणि परीक्षाही झाली, की ‘द बॅड किड्स’ ही 2020 ची चिनी मालिका घ्यावी. चिनी मालिकांची लांबी पूर्वी अफाट असे. त्याच वर्षी तेथील नियामकांनी चाळीस भागांपेक्षा अधिक नको असे बजावले. ही मालिका मात्र बाराच भागांची आहे. पहिल्याच भागात गणित शिकवणारा एक सौम्य, सासुरवाडीला नकोसा झालेला जावई सासू-सासऱ्यांना डोंगरावर फिरायला नेतो, फोटो काढण्याच्या निमित्ताने कड्याच्या टोकाशी उभे करतो आणि ढकलून देतो. समोरच्या बाजूला खेळणाऱ्या तीन मुलांच्या कॅमेऱ्यात ते नकळत टिपले जाते. रक्त फारसे दिसत नाही, भीती मात्र पुष्कळ वाटते. ‘डोंगर चढायला येता का?’ हा प्रश्न त्यानंतर चीनमध्ये विनोद होऊन बसला. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी ही मालिका पाहिल्यापासून जावयाबरोबर सिंहगडावर जाणे लांबणीवर टाकले आहे. जावई अत्यंत सज्जन आहे. गणित शिकवतो एवढेच.

प्रश्न : माझी नववीतली मुलगी घरात ‘ओप्पा’, ‘ओप्पा’ करत असते. या मालिकांत नायक नायिकेचे मनगट पकडून तिला ओढत नेतो, तेही तिला गोड वाटते. मी काय करावे? (एक वाचक, कर्वेनगर)

उत्तर : ‘ओप्पा’ हा शब्द मुलीने थोरल्या भावाला उद्देशून वापरायचा आहे, आणि तोच ती वयाने मोठ्या मित्राला किंवा प्रियकरालाही वापरते. आपल्याकडे एखाद्या मुलीने मुलाला ‘दादा’ म्हटले की विषय तेथेच संपतो. तिकडे त्याच शब्दाने सुरू होतो. तेव्हा शब्दाची चिंता करू नये.

मनगटाविषयीची आपली नाराजी मात्र मला पटते. सुमारे पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या कोरियन प्रेममालिकांत हे फार होते : श्रीमंत, तुसडा नायक, गरीब, तोंडाळ नायिका, आणि तिला ‘नको’ म्हणायला वेळ न देता ओढत नेणे. या साच्याचे एक मूळ ‘हाना योरी दांगो’ या जपानी चित्रकथेत सापडते. तिच्यावरून तैवानमध्ये 2001 साली ‘मीटिअर गार्डन’ आणि कोरियात 2009 साली ‘बॉईज ओव्हर फ्लॉवर्स’ ही मालिका झाली, आणि दोन्ही आशियाभर पाहिल्या गेल्या. अलीकडच्या चांगल्या मालिकांत हे कमी झाले आहे. कोरियातल्या स्त्री-प्रेक्षकांनीच त्यावर टीका केली. आपण मुलीशेजारी बसून एखादा भाग पाहावा आणि ते दृश्य आले की ‘हा असा ओढतो, तर तिचा हात दुखत नसेल का?’ एवढेच विचारावे. व्याख्यान देऊ नये; नववीतल्या मुलांना ते पहिल्या वाक्याआधी ऐकू येते. आणि ती कोरियन लिपी शिकू लागली असेल तर अडवू नये. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परकी भाषा शिकून पोट भरणारे पुणेकर पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि रांजणगाव-चाकणच्या बाजूला कोरियन कारखाने आहेतच.

प्रश्न : ‘दुरंगा’ ही हिंदी मालिका पाहिली. ती कोरियन मालिकेवरून घेतली आहे असे कळले. मूळ पाहावी का? (एक वाचक, विमाननगर)

उत्तर : अवश्य. मूळ मालिका ‘फ्लॉवर ऑफ इव्हिल’, 2020 ची, सोळा भागांची. नवरा धातूच्या वस्तू घडवणारा प्रेमळ गृहस्थ, बायको पोलीस खात्यात गुप्तहेर, आणि तिच्याच तपासाची वाट तिच्याच घराकडे वळते. प्रेमकथा आणि थरारकथा येथे शेजारी शेजारी ठेवलेल्या नाहीत, एकच आहेत : ज्याच्या ताटात रोज वाढतो तो कोण आहे, हा प्रश्न दोन्हींचा आहे. हिंदी रूपांतर वाईट नाही, परंतु ते घाईत आहे. मूळ मालिका नवऱ्याला स्वयंपाकघरात बराच वेळ उभा ठेवते, आणि संशय आल्यावर तीच भाजी चिरण्याची क्रिया पाहताना आपल्या पोटात गोळा येतो. तो आधी खर्च केलेल्या वेळाचा परिणाम असतो.

कोरियन कथा रीतसर हक्क घेऊन हिंदीत आणण्याचे काम याआधीही झाले आहे. ‘डोंबिवली फास्ट’चे दिग्दर्शक निशिकांत कामत यांनी 2016 साली ‘रॉकी हँडसम’ केला तो ‘द मॅन फ्रॉम नोव्हेअर’ या 2010 च्या कोरियन चित्रपटावरून.

प्रश्न : पुढच्या महिन्यात स्वित्झर्लंडच्या सहलीला जात आहोत. ‘क्रॅश लँडिंग ऑन यू’ या कोरियन मालिकेतला तलावाकाठचा धक्का कोठे आहे? (एक वाचक, बाणेर)

उत्तर : ब्रिएन्झ तलावाच्या काठी इझेल्टवाल्ड या गावात. चाहत्यांची एवढी रीघ लागली की 2023 मध्ये गावकऱ्यांनी तेथे फाटक बसवले आणि पाच फ्रँकचे तिकीट लावले. नाणे जवळ ठेवावे.

प्रश्न : लॉ कॉलेज रस्त्यावरच्या चित्रपट संग्रहालयात सौभाग्यवतींबरोबर ‘इन द मूड फॉर लव्ह’ हा हाँगकाँगचा चित्रपट पाहिला. माझ्या मते त्यात काहीही घडत नाही. परंतु तेथून शनिवार पेठेत येईपर्यंत रिक्षात ही एक शब्द बोलली नाही. असे काय आहे त्यात? (एक वाचक, शनिवार पेठ)

उत्तर : (या उत्तरातही चित्रपटातले प्रसंग येतात.) आपण वाड्यात राहिला आहात की नाही, हे पत्रात लिहिलेले नाही. मी नारायण पेठेतल्या एका वाड्यात वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत राहिलो, आणि वाँग कार-वाय यांचा 2000 साली आलेला हा चित्रपट मला प्रथमपासून वाड्याचा चित्रपट वाटत आला आहे.

काळ 1962 चा. शांघाय सोडून हाँगकाँगला आलेली कुटुंबे एकेका घरात खोल्या भाड्याने घेऊन राहतात. घरमालकीण जेवायला बोलावते, पत्ते कुटावेत तसा माजाँगचा डाव रात्ररात्र रंगतो, आणि बोळ इतका अरुंद की समोरून कोणी आले तर एकाने अंग चोरावे. शेजारशेजारच्या खोल्यांत एकाच दिवशी राहायला आलेल्या एका पुरुषाला आणि एका स्त्रीला हळूहळू उमगते की त्याची बायको आणि तिचा नवरा यांचे आपापसांत जुळलेले आहे. त्या दुसऱ्या दोघांचे चेहरे दिग्दर्शक आपल्याला धड दाखवतही नाही. वाड्यात ज्यांच्याविषयी सर्वांत जास्त बोलले जाई तीही माणसे अशीच कधी समोर नसत. उरलेले हे दोघे ठरवतात की आपण त्यांच्यासारखे व्हायचे नाही. एवढीच गोष्ट आहे, आणि काही घडत नाही असे आपण म्हणता ते एका अर्थी बरोबरच आहे : न घडू देणे हेच त्या दोघांचे काम आहे.

एकच जागा सांगतो. ती संध्याकाळी एकटीसाठी शेवया आणायला डबा घेऊन निघते. दगडी पायऱ्या, भिंतीवर एक दिवा, हातात झुलणारा डबा. तो त्याच पायऱ्यांवरून येतो किंवा जातो. अंग चोरून, किंचित मान लववून दोघे एकमेकांना ओलांडतात. हे दृश्य पुनःपुन्हा येते, मागे तीच व्हायोलिनची संथ धून असते, आणि बदलतो तो फक्त तिचा पोशाख. दिवस आणि आठवडे गेले ते आपल्याला कापडावरून कळते. घरात नवरा असताना बाई एकटीपुरते खाणे बाहेरून का आणते, हे कोणी विचारत नाही. वाड्यातल्या कोणत्याही बाईने त्या डब्याच्या आकारावरून घरात किती पाने वाढायची आहेत ते ओळखले असते.

पुढे एका रात्री ती त्याच्या खोलीत काही कामासाठी गेलेली असताना बाहेरची मंडळी अवेळी परत येतात आणि बोळाच्या तोंडाशी माजाँग मांडून बसतात. आत काहीही गैर झालेले नाही, तरी तिला बाहेर पडता येत नाही. डाव मोडेपर्यंत, म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत, ती तेथेच अडकून राहते. माझ्या पाहण्यात याहून थरारक प्रसंग खुनाच्या चित्रपटांतही थोडे आहेत. ज्यांच्या दाराची कडी वाजली की समोरच्या ओसरीवरच्या तीन माना वळत, त्यांना तो समजावून सांगावा लागत नाही. साठच्या दशकातले ते हाँगकाँग पुढे उरले नव्हते, म्हणून चित्रीकरणाचा मोठा भाग बँकॉकमध्ये केला होता. नारायण पेठेतला आमचा वाडा पाडून तेथे पाच मजली इमारत झाली आहे, तेव्हा त्याचे चित्रीकरण कोणाला करायचे झाल्यास तेही बहुधा दुसऱ्या गावीच करावे लागेल.

रिक्षातल्या त्या मौनाविषयी मात्र मला विचारू नये. ते सौभाग्यवतींनाच विचारावे, आणि त्या माहेरी वाड्यात वाढल्या असतील तर फार खोदून विचारू नये.